हवेचा वाटा

हिराबाईने गंगीच्या कमरेचा कोयता ओढून घेतला, तेव्हा गंगीच्या डोक्यावर मोळी होती आणि तिचे दोन्ही हात मोळीत गुंतलेले होते. त्यामुळे झटापट अशी झालीच नाही. गंगी फक्त थांबली. मानेवरचा तोल सांभाळत हळूच वळली आणि कोण आहे ते तिने पाहिलं.

"हिराबाय, तू?"

"ऐनाची ओली फांदी हाय आत. वरून वाळलेली लाकडं लावलीस म्हणून काय दिसत नाय?"

"वाळलेलं तुम्ही कुठं ठेवता? पडलं की तुमच्याच पाड्यातल्या बाया उचलतात." गंगीच्या बोलण्यात राग नव्हता. बाजारातला भाव सांगावा तसं तिने सांगितलं.

हिराबाईबरोबर राखणीला आलेली सुनिता पुढे झाली. "मोळी टाक खाली."

गंगीने मोळी टाकली. लाकडं उतारावरून थोडी घरंगळली आणि करवंदीच्या जाळीला अडून थांबली. डोक्यावरची चुंबळ काढून तिने पदर झटकला आणि नदीच्या वाटेने उतरू लागली. कोयता हिराबाईच्या हातात राहिला. त्याची मूठ घामाने ओली होती.

बेहेडपाड्याच्या बायकांनी जंगलाची राखण सुरू करून वर्ष होत आलं होतं. उधव्याच्या बाजारापासून वर डोंगरात चढत गेलं की हा पाडा लागतो. भात, नागली आणि मागे साग-ऐनाचं जंगल. त्या जंगलावर पाड्याचा सामूहिक हक्क मंजूर झाला होता, आणि त्यानंतर एक संस्था आली. संस्थेची निलम नावाची मुलगी मसोलीहून स्कुटीवर यायची. तिने शाळेच्या पडवीत बसून समजावलं होतं, की झाडं हवेतला धूर पितात आणि आपल्या खोडात साठवतात. जगात लांब कुठे कुठे मोठे कारखाने आहेत, ते धूर सोडतात आणि त्याची भरपाई म्हणून झाडं राखणाऱ्यांना पैसे देतात. जंगल उभं ठेवा, ओलं तोडू नका, वणवा लागू देऊ नका.

म्हाताऱ्यांनी हसून घेतलं होतं. हवेचे पैसे! पण निलमने जेव्हा सांगितलं, की त्या पैशांचं काय करायचं ते पाडाच ठरवेल, तेव्हा हिराबाई हसायची थांबली होती. तिच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट उभी राहिली. पाड्याच्या वरच्या टेपाडावर पाण्याची टाकी आणि दारात नळ.

त्याला कारण होतं. पाड्याचं पाणी खालच्या ओहोळात, झऱ्यावर. त्याआधीच्या चैत्रात तिची सून दक्षा भरला हंडा घेऊन त्या चढावर घसरली. पाचवा महिना होता. मुलगा धनेश उमरगावच्या कारखान्यात पाळीवर. शेजाऱ्यांनी झोळी करून तिला सडकेपर्यंत नेलं, पण गाडी मिळेपर्यंतच सगळं संपलं होतं. त्यानंतर दक्षा पूर्वीसारखी गात नसे. हिराबाईने या गोष्टीबद्दल कुणाजवळ तोंड उघडलं नाही, पण राखणीचा तिचा वार कधी चुकला नाही.

आणि गंगी? गंगीचं घर पाड्यात नव्हतं. खाली नदीच्या कडेला कातकऱ्यांची काही घरं होती, तिच्या सासऱ्याच्या बापापासूनची. नावावर जमीन कुणाच्याच नव्हती. पाऊसभर पाड्यात लावणी-कापणीला यायचे, मासे-खेकडे धरायचे, मोळ्या विकायचे आणि दिवाळी झाली की भट्टीवाल्याच्या ट्रकमध्ये बसून पोराबाळांसकट विटा पाडायला निघून जायचे. परतायचे ते ज्येष्ठात. हक्काचं जंगल मोजलं तेव्हा माघ होता. संस्थेची पहिली सभा झाली तेव्हाही माघच होता. नदीकाठच्या दारांना झापं लावलेली होती. कुणी मुद्दाम त्यांना वगळलं असं नाही. ते नव्हते, आणि त्यांच्यासाठी थांबावं असं कुणाच्या मनात आलं नाही.

आश्विनातल्या एका सकाळी चिमण हिराबाईच्या अंगणात आला. चिमण जंगल समितीचा अध्यक्ष, नात्याने तिचा चुलतदीर. माणूस वाईट नव्हता. हक्काच्या दाव्यासाठी डहाणूच्या प्रांत कचेरीत त्याने कित्येक वर्षं खेटे घातले होते, आणि त्या येण्या-जाण्यात स्वतःचं एक शेत पडीक पडू दिलं होतं. त्याच्या हातात समितीकडे जमा झालेला गंगीचा कोयता होता.

"वहिनी, दिल्लीचा साहेब येतोय तपासायला. तो पास म्हणाला तर पुढचं काम होणार. नाय म्हणाला तर सगळं मुसळ केरात."

"मग?"

"तो सगळ्यांना विचारतो म्हणे. गरीब कोण, बिनजमिनीचा कोण, त्यांना पण धरलंय का. नदीकाठचं कुणीतरी सभेत बसायला पाहिजे. तू गंगीला सांग. तुझं ऐकेल ती."

"माझं का ऐकेल? मीच तिचा कोयता घेतला."

"म्हणूनच." त्याने कोयता ओट्यावर ठेवला. "हा परत दे."

"आणि काय बोलायचं तिनं?"

"जंगल आमचं सगळ्यांचं हाय, आम्ही सगळी मिळून राखतो. एवढंच. जास्त नको."

हिराबाई सुपातली नागली पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं आणि कोयत्याकडे पाहत राहिली. आत दक्षा चुलीपुढे बसली होती. हंड्यातलं उरलंसुरलं पाणी तांब्याने खरवडून काढण्याचा आवाज येत होता.

"जाते," हिराबाई म्हणाली.

गंगी दारात खेकडे साफ करत बसली होती. हिराबाईला पाहून ती उठली नाही, पण पायाने एक पाट पुढे सरकवला. हिराबाईने कोयता तिच्यापुढे धरला. गंगीने ओले हात लुगड्याला पुसले, कोयता घेतला आणि अंगठ्याने पातं चाचपलं.

"गंजला."

"चिमणची पडवी गळते."

गंगी थोडीशी हसली. मग हिराबाईने काम सांगितलं. गंगीने शांतपणे ऐकून घेतलं. मध्ये एक खेकडा टोपलीतून निसटला, त्याला तिने न पाहता पकडून परत आत टाकलं.

"मग काय बोलायचं म्हणालीस?"

"जंगल आमचं सगळ्यांचं हाय. आम्ही सगळी मिळून राखतो."

"जंगल आमचं सगळ्यांचं हाय. आम्ही सगळी मिळून राखतो," गंगीने म्हणून पाहिलं. "राखतो म्हणजे तुम्ही काठ्या घेऊन फिरता ते?"

"तेच."

"आम्हाला कधी बोलावलं?"

हिराबाईने नजर वळवली. खेकड्यांच्या टोपलीकडे पाहत म्हणाली, "पाण्याची टाकी व्हायची हाय गंगे. तेवढ्यासाठी सगळं."

"कुठं?"

"वर. पाड्यात."

गंगीने मान वर करून डोंगराकडे पाहिलं. पाडा तिथून दिसत नव्हता, मोहाचे शेंडे तेवढे दिसत होते. तिने मान हलवली. "येते," म्हणाली आणि पुन्हा खेकड्यांकडे वळली. तिने बदल्यात काही मागितलं असतं तर हिराबाईला चढ चढताना एवढं जड गेलं नसतं.

साहेब आला तो साधासुधा निघाला. डोक्यावर टोपी, पायात मळके बूट. खुर्ची ठेवली होती, पण तो सगळ्यांबरोबर पडवीत खालीच बसला. त्याला मराठी येत नव्हतं. हिंदीत विचारायचा आणि लोकांच्या बोलीतलं निलम त्याला हिंदीत सांगायची. तो घाईत नव्हता. राखण कशी करता, वणवा लागला तर कोण धावतं, चुलीला लाकूड कुठून आणता, सगळं विचारत होता. चिमण चांगला बोलला. हिराबाईलाही त्याचा अभिमान वाटला.

मग साहेबाची नजर पडवीच्या खांबाशी बसलेल्या गंगीकडे गेली. ती पाड्यातल्या बायकांपासून हातभर अंतर ठेवून बसली होती.

"और आप? ये जंगल किसका है?"

गंगी उभी राहिली. बसूनच बोल, असं निलम म्हणाली, पण ती उभीच राहिली.

"जंगल आमचं सगळ्यांचं हाय," ती म्हणाली. "आम्ही सगळी मिळून राखतो."

एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. आणि म्हणून झाल्यावर तिने साहेबाकडे पाहिलं नाही. तिने हिराबाईकडे पाहिलं. बरोबर म्हटलं ना, असं विचारणारी नजर होती ती. शाळेतली पोरगी कविता म्हणून झाल्यावर बाईंकडे पाहते तशी.

निलमने हिंदीत सांगितलं. साहेबाने मान डोलावली. चिमणने रोखलेला श्वास सोडला. साहेब दुसऱ्या कुणाला काही विचारणार, एवढ्यात हिराबाई उठली. आपण उठलो हे तिला स्वतःलाच उशिरा कळलं. समितीत बाई पाहिजे म्हणून तिचं नाव घातलं होतं. आजवर सभेत ती कधी बोलली नव्हती.

"तिला मी शिकवलंय तसं बोलायला," हिराबाई म्हणाली. "ती राखणीत नाय. तिला कुणी बोलावलंच नाय. सभा झाली तेव्हा ती माणसं भट्टीवर होती. लाकडं तोडली म्हणून तिचा कोयता मीच घेतला, आणि असं बोल म्हणून मीच परत दिला."

पडवीत कुणी हललं नाही. चिमणच्या चेहऱ्यावर रागही दिसेना, एवढा तो थक्क झाला होता.

साहेबाने निलमकडे पाहिलं. "क्या कह रही हैं?"

आता सगळेच निलमकडे पाहू लागले. तिने काहीही सांगितलं असतं तरी साहेबाला कळणार नव्हतं. म्हातारी टाकीसाठी विनंती करते आहे, एवढं म्हणाली असती तरी भागलं असतं. दोन वर्षं ती या कामापायी उन्हापावसात स्कुटी हाकत होती, आणि तिची नोकरीही या कामावरच टिकून होती. तिने ओठांवरून जीभ फिरवली आणि हिराबाई जे बोलली होती ते सगळं, कोयत्यासकट, हिंदीत सांगितलं.

गंगी अजून उभीच होती. ती खाली बसली, ते सगळ्यांची पाठ फिरल्यावर.

काम लांबलं. नदीकाठची घरं धरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, असं साहेबाने कळवलं आणि परत तपासायला यायला त्याला वर्ष लागलं. त्या वर्षात हिराबाईने बरंच ऐकलं. झऱ्यावर ती आली की बायकांचं बोलणं तुटायचं. चिमण तिच्या अंगणावरून जायचा तो मान खाली घालून. धनेश सुट्टीवर आला की म्हणायचा, "आये, तुला काय गरज होती?" दक्षाने मात्र काहीच विचारलं नाही. ती हंडे घेऊन उतरायची आणि चढायची, आणि तिचं ते न विचारणंच हिराबाईला सगळ्यांत जास्त टोचायचं. खरं बोलून आपण आपल्याच सुनेच्या डोक्यावरचा हंडा आणखी वर्षभर वाढवला, असं वाटून तिला अन्न गोड लागत नसे.

पण चिमणही शेवटी चिमणच होता. एकदा करायचं म्हटलं की अर्धवट करणाऱ्यांतला नव्हे. पुढच्या ज्येष्ठात भट्टीवरचे ट्रक परतले, त्याच आठवड्यात तो स्वतः नदीकाठी गेला आणि घराघरांतून माणसं बोलावून सभेला घेऊन आला. नदीकाठची घरं हक्कात आली. गंगी समितीत आली. राखणीच्या पाळ्या पुन्हा लागल्या. वाळलेल्या लाकडाचे वार ठरले, पाड्याचे वेगळे आणि नदीकाठचे वेगळे. हळूहळू हिराबाईशीही लोक बोलू लागले. साहेब पुन्हा आला, पास म्हणाला, आणि त्यानंतरच्या भाताच्या कापणीपर्यंत पहिले पैसे आले.

ते कशावर घालायचे हे ठरवायला दिवाळीच्या तोंडावर सभा बसली. निलमने आधीच सांगून टाकलं, की यंदा एकच मोठं काम होईल. चिमणने हिराबाईला पहिलं बोलायला लावलं. हा त्याचा मोठेपणा होता आणि तिला तो कळला. ती उभी राहिली. टाकी, पाइप, दारात नळ, असं थोडक्यात बोलली. दक्षाचं नाव तिने घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. सगळ्या पाड्याला ठाऊक होतं. बायका माना डोलावत होत्या.

"वरपासून खाली नदीपर्यंत पाइप न्यायचा," ती शेवटी गंगीकडे पाहून म्हणाली. "नदीकाठी पण नळ देऊ."

गंगी उठली. आता ती खांबाशी बसत नसे.

"आम्हाला नळ नको," ती म्हणाली.

हिराबाईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"नळ चांगलाच. पण तो उघडायला आम्ही इथं कुठं असतो? पाऊस सरला की आम्ही भट्टीवर. चार दिवसांनी ट्रक येईल. माझ्या पोराची पोरं जातील, त्यांची शाळा राहील. पाणी येईल आणि झापं लावलेली असतील." ती थांबली. एवढं लांब बोलायची सवय नव्हती तिला. "हे पैसे कामाला लावा. रोपं करू, बांध घालू, वणवा अडवायला पट्ट्या साफ करू. पावसापर्यंत पुरेल एवढं काम जंगलात हाय. मजुरी इथं मिळाली तर कोण जाईल तिकडं? टाकी पुढच्या वर्षी बांधा."

"पुढच्या वर्षी!" हिराबाईच्या तोंडून निघून गेलं.

गंगीने तिच्याकडे पाहिलं. नजर सरळ होती. तिच्यात विचारणं नव्हतं आणि माफी मागणंही नव्हतं.

बोलाचाली झाली. पाड्यातलीही कितीतरी माणसं पाऊस सरला की डहाणूच्या बोटींवर, चिकूच्या वाड्यांत, गुजरातेत निघून जायची. सुनिताचा नवरा त्यांच्यातलाच. चिमणने हात वर करायला सांगितलं. टाकीसाठी हात आले. कामासाठी आले ते जास्त आले, मोजायचीसुद्धा गरज पडली नाही. सुनिताचा हातही कामासाठी वर होता. हिराबाईकडे न पाहता तिने तो वर धरला होता.

घरी आल्यावर दक्षाने ताट वाढलं. "काय ठरलं?"

"नळ पुढच्या वर्षी."

"कोण नको म्हणालं?"

"गंगी."

दक्षा ताटासमोर बसली. ताटातल्या भाकरीवर माशी बसली होती, ती तिने हाताने वारली. "तुम्ही तिला बोलायला लावलंत," ती म्हणाली. तक्रार आहे की दुसरं काही, ते तिच्या आवाजावरून कळलं नाही. हिराबाईने भाकरी मोडली आणि तशीच हातात धरून बसून राहिली.

दिवाळीनंतर ट्रक आला. नदीकाठी रात्रभर उभा राहिला आणि सकाळी रिकामाच परत गेला.

त्या वर्षी पाऊस लवकर थांबला होता. फाल्गुन लागला आणि झरा आटत चालला. वाटीने पाणी भरावं लागे. दक्षाला पुन्हा दिवस गेले होते, तेव्हा तिला हिराबाई झऱ्यावर जाऊ देत नसे. स्वतःच हंडा घेऊन, गुडघ्यावर हात टेकत, ओहोळात उतरत असे.

एके सकाळी ती उतरली तर झऱ्यावर नेहमीपेक्षा जास्त भांडी लागलेली. नदी सुकली होती, नदीकाठच्या बायकाही इथेच आल्या होत्या. हिराबाईच्या कपाळाला आठी पडली. आधीच पाणी नाही, त्यात ही गर्दी. दगडाच्या कडेला गंगी वाकून वाटीने पाणी काढत होती. वाटी अर्धीच भरत होती. ती पुन्हा पुन्हा बुडवत होती आणि मध्येच थांबून, कडेला हात टेकून, खाली तळाशी निरखून पाहत होती.

"हिराबाय," तिने मान न वळवता विचारलं, "दरवर्षी एवढं खाली जातं हे?"

"जातं."

"मला ठाऊकच नव्हतं." गंगी अजून तळाकडेच पाहत होती. "लग्न होऊन आले तेव्हापासून या दिवसांत मी इथं कधी नव्हतेच ना. भरलेलंच पाहिलं."

हिराबाईच्या कपाळावरची आठी तशीच राहिली. मागून सुनिता येत होती. रांग वाढत होती. हिराबाईने डोक्यावरचा हंडा उतरवला आणि गंगीच्या हंड्याच्या मागे नंबराला लावला.

"हे तर काहीच नाय," ती बसता बसता म्हणाली. "चैतात बघ."